ओंजळभर पाणी

पाण्याची गोडी खाऱ्या पाण्याच्या गावाला विचारावी. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातून खारपाणपट्टा गेलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील कित्येक गावांत विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. त्याच जिल्ह्यात लोणारचे विस्तीर्ण सरोवर आहे. आकाशातून कोसळलेल्या अशनीच्या आघाताने ते निर्माण झाले. त्याचे पाणी खारे; परंतु त्याच्याच काठावर 'धार' नावाचा गोड्या पाण्याचा झरा वाहतो, आणि त्या झऱ्याचे लोकांना मोठे अप्रूप वाटते. जिजाबाईंचे जन्मगाव सिंदखेडराजा. तेथे जुन्या काळी बांधलेला मोती तलाव आहे. ज्या पूर्वजांनी असे तलाव बांधले, विहिरी खणल्या, वाटेवर पाणपोया घातल्या, त्यांनी ते पुण्यकर्म मानले. तहानलेल्याला पाणी देण्यासारखा दुसरा धर्म नाही, असे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवले जाई.

आणि तरीही याच देशात लक्षावधी माणसांना शतकानुशतके पाण्यापासून दूर ठेवले गेले. समाजाने त्यांना 'अस्पृश्य' ठरवले होते. गावच्या विहिरीत त्यांना दोर सोडता येत नसे. त्यांच्या घरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीपासून दूर उभ्या राहत. कोणा दयाळू बाईने वरून पाणी ओतले तर घागर भरे. नाही तर उन्हात तिष्ठत राहणे नशिबी येई. त्याच विहिरीच्या हौदावर बैल पाणी पीत, म्हशी पीत. त्यांना कोणी हाकलून देत नसे. पशूला जे मिळे ते माणसाला मिळत नसे.

हे दुःख भीमराव आंबेडकर यांनी लहानपणीच भोगले होते. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. भीमराव साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना त्यांना तहान लागली, तरी नळाला हात लावता येत नसे. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई जागेवर नसला, म्हणजे तहानलेलेच बसावे लागे. पुढे एकदा वडिलांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने कोरेगावच्या वाटेस लागली. त्या साऱ्या प्रवासात त्या मुलांना कोणी पाणी दिले नाही. बरोबर फराळाचे डबे भरलेले होते; पण पाण्यावाचून घास घशाखाली उतरेना. ती मुले तशीच उपाशी निजली. दहा वर्षांच्या आतबाहेरचा तो मुलगा ही रात्र जन्मभर विसरला नाही.

कोकणात सावित्री नदीच्या काठी महाड नावाचे गाव आहे. रायगड किल्ल्याच्या परिसरातील ही जुनी व्यापारी पेठ. तेव्हा ती कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. आज त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. या गावात एक मोठे तळे आहे. त्याचे नाव 'चवदार तळे'. गावातील हिंदू तेथे पाणी भरत, मुसलमान भरत, अन्य धर्मांचे लोकही भरत. गुरेढोरे पाणी पीत. फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्याच्या पायऱ्या उतरण्याची बंदी होती. बाजारहाटासाठी किंवा कचेरीतील कामासाठी दूरच्या खेड्यांतून महाडला आलेल्या या माणसांचा घसा कोरडा पडे, समोर पाण्याने भरलेले तळे दिसे. पण ओंजळ भरून पाणी पिता येत नसे.

१९२३ साली एक महत्त्वाची गोष्ट घडली. मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशांतून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्य वर्गास मोकळ्या असाव्यात, असा त्या ठरावाचा आशय होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी हा ठराव संमत झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. आता अडचण उरली नाही, असे कागद पाहणाऱ्यास वाटले असते. परंतु कागद कचेरीत होता आणि तळे गावात होते. ठराव झाला तरी भीती तशीच राहिली. तीन वर्षे लोटली, पण त्या पायऱ्यांवर एकाही अस्पृश्य मानलेल्या माणसाचे पाऊल पडले नाही. हक्क मिळाला होता. तो बजावणारे कोणी पुढे आले नव्हते.

महाडच्या परिसरात या जागृतीचे बीज पूर्वीच पडलेले होते. गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ याच भागातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली होती. पुढे याच भागातील रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाने महाडास एक परिषद भरवावी असा ध्यास घेतला. त्याच्या खटपटीला अनेकांचे साहाय्य मिळाले. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि सामाजिक कार्यकर्ते अनंतराव चित्रे हे दोघे तथाकथित उच्च जातींत जन्मलेले. पण अन्याय हा अन्यायच, मग तो आपल्या माणसांनी का केलेला असेना, अशी त्यांची धारणा होती.

अशा रीतीने १९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये त्यांचे उच्च शिक्षण झाले होते, ते बॅरिस्टर झाले होते आणि त्यांचे वय अवघे पस्तीस वर्षांचे होते. गावोगावचे स्त्रीपुरुष खांद्यावर घोंगडी आणि पाठीशी भाकरीचे गाठोडे बांधून पायी आले. त्यांत पहिल्या महायुद्धात लढून आलेले शिपाई होते, शेतात राबणारे मजूर होते, पंधरासोळा वर्षांची मुलेही होती. एवढ्या लोकांना प्यायला पाणी कोठून आणावे हा प्रश्न पडला. शेवटी परिषदेच्या चालकांनी चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले! नगरपालिकेच्या ठरावाने ज्यांना तळे खुले झाले होते, त्यांनाच त्या गावात पैसे मोजून पाणी घ्यावे लागले. ठराव आणि व्यवहार यांच्यातील अंतर याहून स्पष्ट कशाने दिसणार?

पहिल्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या बांधवांना स्वाभिमानाने जगण्याचा उपदेश केला. मृत जनावराचे मांस खाऊ नका, उष्टे अन्न मागू नका, मुलांना शिकवा, आपली उन्नती आपल्याच हातांनी करा, असे त्यांनी निक्षून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठराव झाले. परिषद आटोपत आली, तेव्हा अनंतराव चित्रे उभे राहिले. एवढे सगळे येथे जमलेच आहेत, तर आजच सर्वांनी तळ्यावर जाऊन आपला हक्क बजावावा, असे त्यांनी सुचवले. मांडवात उत्साहाची एकच लाट उसळली.

चार-चारांच्या रांगा करून लोक निघाले. सर्वांच्या पुढे बाबासाहेब होते. कोणाच्या हातात शस्त्र नव्हते, कोणाच्या तोंडी अपशब्द नव्हता. भर दिवसा, गावाच्या हमरस्त्याने हजारो माणसे शिस्तीने चालली होती. दोन्ही बाजूंच्या घरांतून लोक हे दृश्य पाहत होते. मिरवणूक तळ्याशी आली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, वाकले आणि त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन प्राशन केले. मागोमाग इतरांनी पाणी प्याले. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहिली, त्या हातांनी त्या दिवशी प्रथमच त्या तळ्याचे पाणी उचलले. पाणी कमी झाले नाही, तळे आटले नाही. सारे लोक जसे आले तसेच शांतपणे मांडवाकडे परतले.

परंतु तेवढ्याने प्रसंग सरला नाही. थोड्याच वेळात गावात एक कंडी पिकली. 'हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत,' असे कोणीतरी उठवले. तसा बेत कोणाचाही नव्हता. पण अफवेला पाय नसतात, तरी ती वाऱ्याहून वेगाने धावते. हातात बांबू व काठ्या घेतलेला जमाव चौकाचौकांत गोळा झाला. बाबासाहेब तेव्हा डाक बंगल्यात उतरले होते. देवळात जाण्याचा कोणताही विचार नाही, असे त्यांनी पोलीस अंमलदारास आणि जमावासही स्पष्ट सांगितले. तरीही जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. बरेच लोक परतीच्या वाटेला लागले होते; उरलेले जेवत होते, कोणी गाठोडी बांधत होते. त्यांच्यावर अचानक काठ्यांचा वर्षाव झाला. शिजलेले अन्न मातीत मिसळले, भांडी विखुरली. स्त्रियांनाही मार बसला. वीसेक माणसे गंभीर जखमी झाली. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला, म्हणून ते बचावले. गावाकडे परतणाऱ्यांनाही वाटेत गाठून मारण्यात आले.

हा त्या दिवसातील सर्वांत कठीण क्षण होता. डाक बंगल्याच्या आवारात संतापलेले तरुण जमले. त्यांच्यात युद्धभूमीवर गोळ्यांचा मारा सोसलेले माजी शिपाई होते. लढणे त्यांना नवे नव्हते. आपली माणसे रक्ताने माखलेली त्यांनी पाहिली होती. त्यांना फक्त एका शब्दाची प्रतीक्षा होती. बाबासाहेबांनी तो शब्द उच्चारला असता, तर महाडच्या रस्त्यांवर त्या सायंकाळी प्रेतांचा खच पडला असता. आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या हक्काची गोष्ट कोणाच्या लक्षातही राहिली नसती, जो तो दंगलीविषयीच बोलला असता. बाबासाहेबांनी शांत राहण्याची आज्ञा केली. त्या माणसांनी मुठी आवळल्या, ओठ चावले. पण हात उचलला नाही. ज्याच्या अंगी बळ नाही, त्याने न मारणे ही लाचारी असते. ज्याच्या अंगी बळ आहे, त्याने हात आवरणे हा संयम असतो. महाडास दिसला तो संयम होता.

पुढे या मारहाणीबद्दल खटला झाला आणि जून १९२७ मध्ये पाच आरोपींना चार-चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. इकडे गावातील सनातनी मंडळींनी तळे बाटले असे ठरवले. दूध, दही, शेण, गोमूत्र इत्यादींनी भरलेली १०८ मडकी तळ्यात बुडवून, मंत्र म्हणून त्यांनी पाण्याची 'शुद्धी' केली. ज्या पाण्यात गुरे तोंड घालत, ते पाणी माणसाच्या ओंजळीने अशुद्ध झाले, असे मानणारी ही समजूत! ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा आपला ठरावही मागे घेतला. जो हक्क कागदावर होता, तो कागदावरूनही पुसला गेला.

बाबासाहेबांनी याला उत्तर द्यायचे ठरवले. त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक एप्रिल १९२७ मध्ये सुरू केले होतेच. त्यातून ते लोकांना जागे करत होते. डिसेंबरात महाडास पुन्हा परिषद भरवून सत्याग्रह करण्याचा निश्चय झाला. परिषदेसाठी गावात जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने दासगाव बंदरास आले आणि तेथून पायी महाडास पोहोचले. २५ डिसेंबर १९२७ रोजी परिषदेस प्रारंभ झाला.

या परिषदेत बाबासाहेबांनी या लढ्याचा खरा अर्थ उलगडून सांगितला. चवदार तळ्याचे पाणी आजवर प्यायलो नाही, म्हणून आपण मेलो नाही. आणि ते प्यायल्याने अमरही होणार नाही. तळ्यावर जायचे ते इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. १७८९ साली फ्रान्समध्ये राष्ट्रीय सभा भरली होती आणि तिने माणसामाणसांच्या समतेची घोषणा केली होती. महाडच्या सभेची तुलना त्यांनी त्या सभेशी केली. कोकणातील एका लहानशा गावातील मांडवात बसलेल्या निरक्षर शेतमजुरांना आपण जगाच्या इतिहासातील एक पान लिहीत आहोत, याची जाणीव त्यांनी करून दिली. ज्या ग्रंथाच्या आधारे माणसामाणसांत उच्चनीच भाव मानला जाई, त्या मनुस्मृतीचे दहन याच परिषदेत झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. जमलेल्या स्त्रियांशीही बाबासाहेब बोलले. नीटनेटके राहा, मुलामुलींना शाळेत घाला, असे त्यांनी त्यांना सांगितले.

परंतु सत्याग्रहाच्या वाटेत एक नवी अडचण उभी राहिली. हे तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची चाल फार पुरातन आहे, असा दावा काही मंडळींनी दिवाणी न्यायालयात दाखल केला होता. १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूमही दिला होता. आता काय करावे? हजारो माणसे तुरुंगात जायला तयार होऊन आलेली होती. हुकूम मोडावा, तर ज्या कायद्याच्या आधारे हक्क मागायचा, त्याचीच पायमल्ली होणार. हुकूम मानावा, तर लोकांचा हिरमोड होणार. बाबासाहेबांनी पुष्कळ विचार केला आणि सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. लोकांना तो सोपा वाटला नाही. पण त्यांनी तो मानला. ते तळ्यापर्यंत गेले, तळ्याभोवती त्यांनी मूक मिरवणुकीने फेरी घातली आणि पाण्याला हात न लावता ते परत फिरले. मार्चमध्ये त्यांनी काठ्या सोसल्या होत्या. डिसेंबरात त्यांनी आपला उत्साह आवरला. यांतील दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड होती.

त्यानंतर न्यायालयातील लढाई सुरू झाली. ती एक-दोन महिन्यांत संपली नाही. १९२८ उजाडले, १९३० गेले. महाडच्या न्यायालयात निकाल झाला. प्रतिपक्षाने ठाण्यास अपील केले. तेथे निकाल झाला. मग प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. पुराव्याचे कागद तपासले गेले, साक्षी वाचल्या गेल्या. अखेर १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची ही चाल अनादी काळापासून असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असे न्यायमूर्तींनी ठरवले आणि अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे होते, म्हणजेच सर्वांचे होते. २० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७! ओंजळभर पाण्याचा हक्क न्यायालयात शाबीत व्हायला तीन दिवस कमी दहा वर्षे लागली.

महाडच्या या घटनेचा ठसा दूरवर उमटला. बुलढाणा जिल्हा त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाड या वेगळ्या प्रांतात होता. तरीही समतेचे वारे वऱ्हाडातही वाहू लागले होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा पुरस्कार केला.

पुढे या इतिहासाने चित्रपटाचे रूपही घेतले. डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट २००० साली प्रकाशात आला. त्यात बाबासाहेबांची भूमिका मामुट्टी या नामवंत अभिनेत्याने केली आणि तिच्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चवदार तळ्याचा प्रसंग या चित्रपटात आहे. ज्या घटनेचे वर्णन पुस्तकात वाचावे लागते, ती पडद्यावर डोळ्यांसमोर उभी राहते, हा चित्रपटाचा मोठाच गुण होय. तथापि ऐतिहासिक चित्रपट पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पडद्यावर मिरवणूक दिसते, काठी दिसते, रक्त दिसते. दहा वर्षांची प्रतीक्षा दिसत नाही. प्रत्येक तारखेला न्यायालयात जाणे, पुढची तारीख घेऊन परत येणे आणि तरीही धीर न सोडणे, यात पाहण्यासारखे काही नसते. म्हणून ते चित्रपटात थोडक्यात आटोपावे लागते. पण हक्क जसा मिरवणुकीने मिळतो तसाच अशा धीरानेही मिळतो. पडद्यावर जे दिसले नाही, ते ग्रंथांतून शोधून काढणे हे सुजाण प्रेक्षकाचे काम आहे.

अशीच गोष्ट पुढे दूर अमेरिकेत घडली. त्या देशाच्या अलाबामा राज्यातील सेल्मा या गावी काळ्या वर्णाच्या नागरिकांना मतदानाचा हक्क कागदावर होता. पण तो बजावू दिला जात नसे. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी शेजारच्या गावी निघालेल्या एका मोर्चाच्या वेळी जिमी ली जॅक्सन या तरुणाला पोलिसाची गोळी लागली आणि पुढे तो मरण पावला. ७ मार्च रोजी सुमारे सहाशे निःशस्त्र लोक सेल्माहून मोर्चाने निघाले. गावाच्या पुलावर पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या व अश्रुधूर सोडला. तरीही लोक डगमगले नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली ते पुन्हा निघाले आणि राजधानीपर्यंत चालत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्कास संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत झाला. या प्रसंगावर 'सेल्मा' नावाचा चित्रपट २०१४ साली निघाला. महाड आणि सेल्मा यांच्यामध्ये सात समुद्र आहेत आणि अडतीस वर्षांचे अंतर आहे. एकीकडे तळे, दुसरीकडे मतपेटी. पण दोन्हीकडची तहान एकच होती.

महाडच्या सत्याग्रहाचे नेतृत्व ज्यांनी केले, त्याच बाबासाहेबांकडे पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद आले. २६ जानेवारी १९५० रोजी ही घटना अमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सार्वजनिक पैशांतून राखलेल्या अशा ठिकाणी जातीच्या किंवा धर्माच्या कारणावरून कोणासही अडवता येणार नाही, असे तो सांगतो. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहिरीचे आणि तलावाचे नाव का यावे, असा प्रश्न एखाद्यास पडेल. ज्याने महाडची हकिकत वाचली आहे, त्यास तो पडणार नाही. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय अपराध ठरवणारा कायदा झाला. १९७६ पासून तो 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' या नावाने ओळखला जातो.

तरीही १९२४ च्या त्या ठरावाची गोष्ट विसरता कामा नये. कायदा कितीही चांगला असला, तरी तो आपोआप पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जात नाही. त्यासाठी माणसालाच पाऊल उचलावे लागते. आणि ज्याने पाऊल उचलले, त्याला वाट करून देणे हे काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य असते. शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी, पंगतीत, खेळाच्या मैदानावर कोणी एकटा मागे उभा राहिलेला दिसला, तर त्याला पुढे बोलावणारा हात चवदार तळ्याच्या त्या ओंजळीचाच वारसा चालवत असतो.

शब्दार्थ

अशनी : आकाशातून पृथ्वीवर पडणारा खगोलीय दगड
तिष्ठणे : वाट पाहत ताटकळत राहणे
आशय : सार, अभिप्राय
निक्षून : ठामपणे
प्राशन करणे : पिणे
सनातनी : जुन्या रूढींना चिकटून राहणारा
तहकूब करणे : पुढे ढकलणे
मनाई हुकूम : एखादी गोष्ट करू नये असा न्यायालयाचा आदेश
शाबीत होणे : पुराव्याने सिद्ध होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बोले यांचा ठराव कोणत्या साली संमत झाला?
(आ) महाडच्या पहिल्या परिषदेसाठी पाणी विकत का घ्यावे लागले?
(इ) दुसऱ्या परिषदेसाठी जागा कोणी दिली?
(ई) उच्च न्यायालयाने निर्णय केव्हा दिला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'कागद कचेरीत होता आणि तळे गावात होते' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) मारहाण झाल्यावर बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना शांत राहण्यास का सांगितले असावे?
(इ) डिसेंबरात पाण्याला हात न लावता परतणे अधिक अवघड का होते?
(ई) महाड व सेल्मा येथील घटनांत तुम्हांस कोणते साम्य दिसते आणि कोणता फरक दिसतो?

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
कंडी पिकणे, हात आवरणे, पायमल्ली होणे, हिरमोड होणे, धीर न सोडणे.

४. 'खारे' आणि 'गोडे' हे विरुद्धार्थी शब्द या पाठात आले आहेत. विरुद्धार्थी शब्दांच्या आणखी तीन जोड्या पाठातून शोधून लिहा.

५. तुमच्या गावातील सर्वांत जुन्या विहिरीची किंवा तलावाची माहिती घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. पूर्वी तेथे कोण पाणी भरत असे आणि कोणाला भरता येत नसे, हे समजून घ्या व दहा ओळींत लिहा.